आठ अक्षरांचं आडनाव

काल नातीनं लॅपटॉपवर नोकरीचा अर्ज सेव्ह केला. फाईलला नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं दिलं, आणि ते मावलं. मला देवपूरची, जुन्या कॉम्प्युटरवर टायपिंग करून देणारी खोली आठवली, प्रिंटरच्या शाईच्या पट्टीचा वास आला.

तेव्हा माझ्या लेकीचा, सुनंदाचा नर्सिंगचा अर्ज होता. टाईप करणारा म्हणाला, "भाऊ, फाईलच्या नावात आठच इंग्रजी अक्षरं बसतात. सुनंदा टाकू?"

"आडनाव टाक. आमच्यात आडनाव आधी."

भालेराव बरोब्बर आठात बसलं.

दुसऱ्या दिवशी अर्जाची मुदत संपणार होती. सकाळी ठळक प्रत घ्यायला जाऊन बघतो तर त्या फाईलीत गल्लीतल्या दुसऱ्या भालेरावाचा अर्ज! तोही माझ्यासारखाच आडनावावर अडला होता. फाईलचं नाव एकच, म्हणून त्याच्या अर्जाखाली आमचा पुसला गेला. सुनंदा रडायला लागली.

मी खिशातून कागदाची घडी काढली. पट्टी संपत आलेली, तरी आदल्या दिवशी फिका का होईना, छापील कागद घेतल्याशिवाय मी उठलो नव्हतो. त्यावरून त्यानं पुन्हा टाईप केलं. दुपारी अर्ज पोचला.

तेव्हा त्या टाईप करणाऱ्याला फार बोललो. आज कळतं, घोळही माझ्या हट्टानं झाला, निस्तरलाही माझ्या हट्टानंच.

"आबा, का हसता?" नातीनं विचारलं.

"तुझं बठ्ठं, सगळं नाव मावलं शे ना, म्हणून. पण कागदही काढ."