हळदीच्या बॉयलरवरची शिट्टी

एका मोठ्या स्टेशनाबाहेर जुनं वाफेचं इंजिन चौथऱ्यावर जपून ठेवलंय. काळाभोर रंग, लाल पट्टे, भोवती साखळी. माझे वडील तसल्याच इंजिनावर आधी फायरमन होते, मग ड्रायव्हर. हिंगोलीच्या अलीकडच्या सिग्नलला ते दोन आखूड आणि एक लांब शिट्टी द्यायचे. ती ऐकली की आई क्वार्टरमध्ये चुलीवर तवा ठेवायची. मी मोठ्या हौसेनं त्यांना ते इंजिन दाखवायला नेलं. त्यांनी साखळीवरून वाकून बॉयलरला हात लावला.

"गार हाय," म्हणाले. "चल घरी."

देशानं एवढं जपलं आणि ह्यांना त्याचं काहीच नाही! मला रागच आला. पण त्यांचे कान झपाट्यानं जात होते. परत येताना ते एवढंच बोलले, की एकदा शिट्टी ऐकली असती. ठरवलं, ऐकवायचीच.

वडिलांना निवृत्तीच्या वेळी सोबत्यांनी भंगारातून मिळवून दिलेली पितळी शिट्टी माळ्यावर पडून होती. तिला वाफ लागते, आणि आमच्या माहितीत वाफ होती फक्त कुरुंद्याला, थोरल्या चुलतभावाच्या हळद शिजवायच्या बॉयलरवर. त्यानं हात झटकले.

"जिवावर काहून उठला रे? फुटून जाईल ते!"

मी हात धुऊन त्याच्या मागं लागलो. शेवटी तो वैतागून व्हय म्हणाला आणि फिटरनं नळीवर शिट्टी बसवली. पहिल्यांदा नुसती फुसफुस. वडिलांनी मला बाजूला सारलं, स्वतः जाळ वाढवला, दाबाच्या काट्यावर नजर ठेवून थांबले आणि दांडी ओढली. दोन आखूड, एक लांब. हळद भरणाऱ्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

वडील माझ्याकडे बघत होते. "वाजली का?"

मी जोरजोरात मान हलवली. त्यांचा विश्वास बसेना. त्यांना बरं वाटावं म्हणून मी खोटं सांगतोय, असं त्यांना वाटलं. दांडी सोडून ते चुलतभावाच्या शेतातल्या घराकडे निघाले. एवढा खटाटोप वाया गेला म्हणून मला रडूच आलं. मी मागोमाग गेलो.

आईलाही आम्ही सोबत आणलं होतं, ती त्या घरीच होती; पण तिला शिट्टीचं काही सांगितलेलं नव्हतं. जेवायची वेळही नव्हती. पण चूल पेटली होती आणि तव्यावर भाकरी टम्म फुगली होती.

वडील दारातच थांबले. तव्याकडे बघत राहिले.

"वाजली की!" ते म्हणाले.