नानांच्या लेन्स मी का घेतल्या नाहीत

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतो.

पिंप्राळ्यातल्या माझ्या स्टुडिओत शिकायला येणारे हमखास विचारतात, फिल्म सोडून डिजिटलवर आलात तेव्हा कंपनी का बदलली? जुन्या लेन्स त्याच कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यावर बसल्या असत्या की! मी ऑटोफोकसचं कारण पुढे करतो. ते माना डोलावतात.

खोटं आहे ते. त्या लेन्स नानांच्या होत्या. नाना म्हणजे माझे उस्ताद. स्टुडिओही मूळचा त्यांचाच. मी वर्षभर डिजिटलसाठी त्यांच्या मागे लागलो होतो, फिल्मला येता-जाता नावं ठेवत होतो. ते हसून सोडून द्यायचे.

सावद्याला केळीच्या व्यापाऱ्याकडचं लग्न होतं. मुलीचे वडील फार आजारी, खुर्चीत बसवून मांडवात आणलेले. कन्यादानाचे फोटो माझ्याकडे. नानांचा नियम होता — रोल भरला की दोन फोटो वाया घालवायचे आणि कॅमेऱ्याची डावी चावी फिरतेय का बघायचं. फिरली तरच फिल्म पुढे सरकतेय. मी घाईत ते केलं नाही. विसाव्या फोटोला बघितलं तर चावी जागच्या जागी!

वडील तेव्हा समोरच होते. मुलीचा हात अजून त्यांच्या हातात होता. दोन मिनिटं थांबा, एवढंच म्हणायचं होतं. कोण नाही म्हणालं असतं? पण फिल्मला नावं ठेवणाऱ्या मला साधी फिल्म भरता आली नाही, हे चारचौघांत कसं सांगू? मी छत्तीसपर्यंत बटण दाबत राहिलो. वर लोकांना 'इकडे बघा' म्हणत होतो.

रोल नानांनी स्वतः धुतला. कोरी नारिंगी पट्टी निघाली. त्यांनी काही विचारायच्या आत मी म्हणालो, "नाना, धुण्याचं औषध जुनं होऊन उतरलं असेल." औषध उतरलं असतं तर फिल्मच्या काठावरचे, कंपनीनेच टाकलेले आणि धुतल्यावर दिसणारे बारीक आकडेही उमटले नसते — ते तर एक ते छत्तीस स्वच्छ होते. मला दिसत होते. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता.

दीड महिन्यात मुलीचे वडील गेले. मुलीचा भाऊ फोटो मागायला आला, तेव्हा नानांनी हात जोडले. "मनी चूक व्हयनी, भाऊ." मी शेजारी उभा होतो.

त्याच आठवड्यात त्यांनी डार्करूम बंद केली. सगळ्या लेन्सची पेटी माझ्यापुढे सरकवली. "मना हातवर आते मनाच भरोसा नही. तू डिजिटल ले. या बठ्ठ्या लेन्सा तुले." मला हवं ते मिळालं होतं. पण त्या काचांतून रोज बघायचं? मी दुसऱ्याच कंपनीचा कॅमेरा घेतला आणि पेटी परत केली. त्यांना वाटलं, त्यांच्यासारख्या त्यांच्या लेन्सही आता निकामी झाल्या. तसं त्यांना वाटू दिलं मी.

नाना आता चाळीसगावला मुलीकडे असतात. गेल्या महिन्यात भेटायला गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पेपर वाचतात. चहा पिता पिता सहज म्हणाले, "ती सावदानी पट्टी शे का रे तुनाजोडे? एकदाव दखनी व्हती." पट्टी त्यांना आता स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

"केव्हाच फेकली, नाना," मी म्हणालो.

ती माझ्या कपाटात आहे.