सोवळ्यातलं इंजिन

दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरायचे, कमरेत वाकायचं, इंजिनाकडे दुरूनच नाक पुढे करून बघायचं आणि विचारायचं, "हे पहिले कुणाकडे होतं?"

ताकद किती, पेट्रोल किती पितं, वजन किती, यातला एकही प्रश्न नाही. मुलीसाठी स्थळ बघायला आल्यासारखी ही गुरुजींची चौकशी, आणि तीही कबाडी बाजारात, भंगाराच्या ढिगासमोर. कबाडीवाला माझ्याकडे बघायचा, मी आकाशाकडे बघायचो. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नसतील तर सुखी आहात.

गुरुजी ब्रह्मा घाटावरच्या पाठशाळेत वेद शिकवायचे आणि दूधविनायक मोहल्ल्यात आमच्या समोर राहायचे. ते पिढ्यान्‌पिढ्यांचे काशीकर. मी विद्यापीठाच्या वर्कशॉपात फोरमन, नोकरीपायी साताऱ्याहून आलेला. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणे म्हणून मीही म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते इथे छापता येणार नाही. सोवळ्याचं एवढं खूळ की नळाखाली हात धुवायच्या आधी हे नळ धुवायचे. गल्लीत समोरून कुणी आलं की अंग चोरून भिंतीला चिकटायचे. त्या भिंतीवर गल्लीभरच्या पानाच्या पिचकाऱ्या, पण त्या चालायच्या! भिंतीनं कुणाचं उष्टं खाल्लं, हे भिंतीला कोण विचारणार?

एकच गोष्ट या माणसानं शहाण्यासारखी केली होती. मुलीला शिकवलं. सुमनचा एक पाय लहानपणीच्या तापानं लुळा पडला होता, पण गणितात तिचं डोकं असं चालायचं की माझ्या वर्कशॉपातले इंजिनियर तिच्यापुढे गप्प बसावेत. आई नव्हती. गुरुजी रोज तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून मैदागिन, चौक, गोदौलिया करत थेट विद्यापीठात सोडायचे, आणि दुपारी आणायला जायचे. धोतर खोचून पायडल मारणारा तो सुकलेला देह आणि मागे पुस्तकं छातीशी धरलेली पोर, ही जोडी सगळ्या रस्त्याला माहीत होती.

मग त्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पायडल मारणं बंद. रोजची रिक्षा परवडणारी नव्हती, मोपेडचं तर नावच नको. जुलैत कॉलेज उघडेपर्यंत काही सोय झाली नाही तर सुमनचं शिक्षण संपलं. गल्लीतल्या बायकांनी तर तिला पापड लाटायला बोलवायलाही सुरुवात केली.

मी म्हटलं, "सायकलला इंजिन बसवू. मी बसवतो. नुसतं इंजिन तेवढं मिळवायचं."

नुसतं! काय बोलून बसलो!

पहिलं मिळालं ते जुन्या मोपेडचं. झकास चालत होतं. मासळीच्या आडत्याकडून आलेलं निघालं. हात पाठीमागेच राहिले. "नको. पोरीच्या पुस्तकांजवळ ते राहणार."

"अहो गुरुजी, इंजिन मासे खात नाही!"

"त्यानं मासे वाहिले ना?"

दुसरं उसाच्या रसाच्या गाड्यावरचं. रसवाला ब्राह्मण, त्यामुळे गुरुजींचा चेहरा उजळला. पण खोदून खोदून विचारल्यावर कळलं की त्यानं ते एका खाटकाच्या मेव्हण्याकडून घेतलेलं. खाटीक नव्हे, खाटकाचा मेव्हणा! आणि तो शिंपी! तेही गेलं. मी चिडून म्हटलं, "आणि पेट्रोल? ते कुणाकुणाच्या हातून येतं, विचारलंत कधी?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "ते जळून जातं. अग्नीला दोष नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी त्यांनीच एक शोधून आणलं. एका गुलाबाच्या बागेत औषध फवारायच्या पंपाचं. बागेतली फुलं देवळात जायची. आता याहून कुलीन इंजिन मिळणार कुठे? गुरुजींचे हात पहिल्यांदा पुढे आले. त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला.

मी सांगून दमलो. हे पाठीवर घ्यायच्या पंपाचं इंजिन, यात जीव केवढासा! दोन माणसं ओढायला आणि तीही बनारसच्या गर्दीत, थांबत थांबत, म्हणजे इंजिन कसं हवं? कमी वेगातही जोर धरणारं. आणि स्वतःचा पंखा असलेलं, एका जागी उभं राहिलं तरी न तापणारं. हे पोरगेलं काय कामाचं? तर म्हणे, "शुद्ध वस्तूला ईश्वर बळ देतो, फोरमनसाहेब."

ईश्वरानं दिलं. मैदागिनपर्यंत दिलं. चौकाच्या चढाला इंजिन खोकलं आणि बसलं. मागे रिक्षांच्या घंट्या, शिव्या. मी माझ्या सायकलवरून मागेच होतो. गुरुजींनी सवयीनं पायडलवर जोर दिला आणि दोनच फेऱ्यांत पानाच्या दुकानाच्या पायरीवर छाती धरून बसले. सुमन एका पायावर तोल सांभाळत सायकल धरून उभी. रडली नाही. एवढंच म्हणाली, "रहने दीजिए, बाबा. मी घरीच बसते. नाही शिकले तर काय होईल?"

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. मला त्या माणसाची दया यायला हवी होती, पण आला तो संताप. हार अजून इंजिनावर होता, तो मी ओढून गटारात फेकला.

कॉलेज उघडलं आणि सुमन घरी बसली.

त्याच सुमारास मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावरच्या एका लाकडाच्या वखारीत जनरेटर विकायला निघाला. वीज गेली की चितांच्या लाकडाचं वजन करायला जे दिवे लागत, ते त्याच्यावर. मालक म्हणाला, "रात-रात भर चला है, फोरमन साहब. कभी धोखा नहीं दिया." इंजिन उघडून बघितलं. स्वतःचा पंखा, कमी वेगातला दमदार ठोका, वजनही सायकल सोसेल असं. मला हवं होतं नेमकं तेच.

मी ते हातगाडीवर घालून थेट गुरुजींच्या दारात उतरवलं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "मणिकर्णिकेवरचं आहे. वखारीतलं. मढ्यांच्या लाकडांजवळ चाललेलं. घ्यायचं तर घ्या, नाहीतर तुमचं सोवळं पोरीच्या गळ्यात बांधा आणि बसा!"

गुरुजींचे हात पाठीमागे गेले. दारात सुमन कुबडी घेऊन उभी होती. मग गुरुजींनी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कामाचं विचारलं, "दोघांना ओढेल?"

"तिघांना ओढेल."

त्यांचा उजवा हात हळूहळू पुढे आला. त्यांनी डोळे मिटून सुरू करायची दोरी धरली आणि ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. सुमन हसली. गुरुजी मात्र नेसत्या वस्त्रानिशी तडक घाटाच्या पायऱ्या उतरून गंगेत शिरले.

मला वाटलं, झालं, एकदाचं प्रायश्चित्त झालं. कसलं एकदाचं! सुमनला सोडून आले की गंगेत बुडी, मग पाठशाळा. दुपारी तिला घेऊन आले की पुन्हा बुडी, मग जेवण. रोज. पौषात घाटावर धुकं असायचं, पलीकडचा काठ दिसायचा नाही, आणि हा छातीचा रोगी ओल्या धोतरात कुडकुडत पायऱ्या चढायचा.

"अहो, मराल एखाद्या दिवशी!"

"नियम आहे."

"मग सुमनला का नाही नियम? तीही त्याच सायकलवर बसते ना?"

ते क्षणभर अडखळले. "विद्यार्थ्याला दोष नाही. शिकायला जाताना नाही."

"कुठल्या ग्रंथात लिहिलंय?"

हा माणूस शेंडीची गाठ कुठल्या बाजूला मारायची याचाही आधार ओळीसकट सांगायचा. पण त्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाला, "असेल कुठेतरी."

आणि ओली पावलं उमटवत घरात गेला. मी तिथेच उभा राहिलो. राग यायचा तो आलाच. मुलीसाठी शास्त्र वाकवलं, तर स्वतःसाठी थोडं वाकवायला काय धाड भरली होती?

सुमन पहिल्या वर्गात एम. एस्सी. झाली. मुलींच्या कॉलेजात तिला शिकवायची नोकरी लागली. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. गुरुजींची बुडीही चुकली नाही. नोकरी लागल्यावर ती म्हणाली, "बाबा, अब बस कीजिए, मी रिक्षानं जाईन." तर म्हणाले, "थंडी सरू दे."

थंडी सरली नाही. बुडीनंतर भरलेला ताप छातीत उतरला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. लोक म्हणाले, गंगेनं नेलं, पुण्यवान माणूस. कसला पुण्यवान! स्वतःच्या अकलेनं मेला. आजही माझं हेच म्हणणं आहे, आणि कुणी विचारलं तर आजही मला तितकाच राग येतो.

नेण्याआधी अंघोळ घातली. त्यांचा एक जुना शिष्य होता, तो गंगाजळानं हात पुसत होता. पुसता पुसता उजव्या तळव्याशी थांबला. बोटांच्या मुळाशी, दोरी धरायच्या जागी, इंजिनाच्या तेलाची काळी रेघ कातडीत मुरली होती. एवढी वर्षं रोज दोनदा गंगेत बुडणाऱ्या माणसाचा तो हात. शिष्यानं लाजून माझ्याकडे बघितलं, मग राख घेतली आणि घासायला लागला.

सुमननं त्याचा हात धरला. म्हणाली, "राहू द्या. ते जाणार नाही."

मग त्या तळव्यासकट आम्ही त्यांना मणिकर्णिकेला नेलं. लाकडं त्याच वखारीतून घेतली.