वडाळीच्या तलावावर मागचं वल्हं

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बाप पूर्णेवर नाव चालवायचा. अमरावतीच्या होस्टेलात मी हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. लपवण्यासारखं काय त्यात? पण नंतर माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. जेवताना माझ्या बाजूचा पाट रिकामाच राहायचा.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. कॉलेजनं वडाळीच्या तलावावर शर्यतीसाठी एक लांब नाव आणली. सहा जण वल्ही मारणार, एक मागं बसून नाव वळवणार आणि हुकूम देणार. नदीकाठचा म्हणून खेळाच्या सरांनी मागचं वल्हं मला दिलं. "तयार" म्हटलं की सहाही जण कमरेतून पुढं झुकायचे. "रोवा" म्हटलं की पातं पूर्ण पाण्यात. "ओढा" म्हटलं की सगळे एकदम मागं. नजर पुढच्याच्या खांद्यावर. स्वतःच्या वल्ह्याकडं पाहिलं की वल्ह्याला वल्हं आपटलंच. दिवसभर ज्यांनी मला हाक मारली नाही, ते तासभर माझ्या शब्दावर झुकायचे. ती जागा मला टिकवायची होती.

शर्यतीआधी सरांनी परीक्षा घेतली. ते समोरच्या काठावर निंबाखाली उभे राहिले. नाव तिथंच लावायची. वल्ही सुरेख पडली आणि नाव लागली निंबापासून तीस पावलं डावीकडं, झुडपात.

पुरात नाव थेट घाटावर रोखत नाहीत. धार खाली ओढते, म्हणून नाक वरच्या अंगाला धरायचं. आमच्या काठावरून ते डावीकडं. लहानपणापासून हाताला तेच वळण.

"अरे, निंब इकडं, तू चालला कुठं?" सर ओरडले.

"आमच्याकडं धार असते, सर."

"याले पूर्णा इथंबी दिसून राहिली!" पहिल्या वल्ह्यावरचा म्हणाला. सगळे हसले.

दुसऱ्या दिवसापासून मागं तो बसला, मी मधे. मधल्या जागेवरून कोणाशी बोलायचं काम नसतं.

मीही हट्टी. सरांना विचारून रोज सकाळी लहान डोंगा घेऊन एकटाच निंबावर रोखत राहिलो. महिन्याभरात हात सरळ झाला. जागा काही परत मिळाली नाही.

पोळ्याला घरी गेलो. पूर्णा भरून वाहत होती. बापानं भरल्या नावेत सगळ्यांदेखत वल्हं माझ्या हाती दिलं. "आज नाव हा नेते. कॉलेजवाला हाय आमचा."

मी सरळ घाटावर रोखली. अर्ध्यातच धारेनं नाव घाटाच्या खालच्या अंगाला नेली. बायका ओरडल्या. बापानं वल्हं हिसकावलं, मोठ्या कष्टानं नाव खालच्या बाभळींना लावली.

"पान्याले इसरला काय रे?"

मी पुन्हा वल्ह्याकडं हात नेला.

"सरक. तिकडं बस."

मी उतारूंत जाऊन बसलो. आमच्याच आळीतली म्हातारी, एरवी मला "काबे पोट्ट्या" म्हणणारी, गाठोडं बाजूला ओढत म्हणाली, "बसा, साहेब."