वरचे सूर

कपड्यांच्या कारखान्यात तो शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. ओळखीचे त्याला ठोक्या म्हणत. रविवारी दुपारी चपलांच्या दुकानाखालच्या तळघरात तो आणि त्याचा जोडीदार इलेक्ट्रो, म्हणजे यंत्रांवरचं नाचाचं संगीत, वाजवायचे आणि त्यात दणदणीत ठोक्यांखेरीज फारसं काही नसायचं. वीस-पंचवीस माणसं येऊन गंभीर चेहऱ्यांनी नाचायची.

बेचाळिसाव्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, "उजवा गेलाच आहे. डाव्यातले वरचे सूर वर्षभरात जातील. मग बाकीचे."

नवरा वारल्यापासून ताई त्याच्याकडेच राहायची. तिला त्याने एवढंच सांगितलं, "कान जरा कमी झालेत." आणि कामावरून आल्यावर जुना सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, घेऊन बसू लागला. ठोके जवळजवळ नाहीतच. नुसत्या खोडकर, एकमेकींची वेणी ओढून पळणाऱ्या चाली. जे सूर जाणार, तेच त्याला हवे होते. जेवणाची शुद्ध राहिली नाही. कारखान्यात दोनदा बोटात सुई घुसली.

जोडीदाराने नाक मुरडलं. "पोरांच्या वाढदिवसाला वाजवायचंय का हे?"

"आपल्या जोडीच्या नको, वेगळ्या नावाने बाहेर काढू. पण काढू."

प्रत्येक चाल तो आधी ताईला ऐकवायचा. "खटकलं तर सांग हं."

"गोड आहे रे," ती म्हणायची.

दहा चाली झाल्यावर त्याने त्या जोडीदाराला दिल्या. दुसऱ्याच दिवशी जोडीदार कारखान्याच्या फाटकाशी हजर. "शेवटच्या तीन चालींत सारखी शिट्टी वाजतेय. कान किटतात. तुला खरंच ऐकू येत नाही?"

घरी येऊन तो ताईसमोर उभा राहिला. "तू बोलली का नाहीस?"

"कित्येक वर्षांनी हसत होतास. माझी जीभच रेटेना."

"मग मी आता कोणाच्या कानांनी ऐकायचं, ताई?"

दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिसऱ्या दिवशी ताईनेच सिंथशेजारी खुर्ची ओढली. त्याने बटण फिरवायचं, तिने सांगायचं.

"अजून आहे."

"आता?"

"आहे. थांब. हं, गेली."

तीन चाली नीट व्हायला पाच आठवडे लागले. तोवर त्याला त्यातलं निम्मंही ऐकू येत नव्हतं.

तळघरात त्या वाजल्या तेव्हा माणसांची तोंडं उघडी दिसली; हसतायत की ओरडतायत, त्याला कळेना. जोडीदार त्याच्या कानाशी ओरडला, "सगळे खुश आहेत."

त्याने ताईकडे पाहिलं. ती डाव्या कानाशी वाकली. "तिघं निघून गेले. बाकीचे हसतायत."

मग त्याचा विश्वास बसला.