बाईंचा सत्कार

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं केली आणि लोकांनी ती वाखाणली. त्यातलं एक मात्र मला अजून डाचतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सांगलीत लहानपणी ज्यांच्याकडे गाणं शिकलो, त्या बाईंना घशाचा कॅन्सर निघाला. मिरजेच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. बाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना परीक्षेपुरतं गाणं शिकवलं. त्यांची स्वतःची बैठक कधी झालीच नाही. "एकदा मुलतानी पुरता गाते, मग काय कापायचं ते कापू देत," त्या मला म्हणाल्या. आजाराचं कुणाला सांगायचं नाही, अशी ताकीदही दिली. कीव करून कुणी ऐकलेलं त्यांना नको होतं.

तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या एका चित्रसंग्रहालयाचे कार्यक्रम बघत असे. महिन्यातून एकदा तिथल्या मोठ्या दालनात, तैलचित्रांच्या मधोमध सतरंज्या टाकून आम्ही गाणं नाहीतर कवितावाचन ठेवायचो. मुलतानी दुपार कलतानाचा राग, म्हणून तीन ते पाच वेळ धरली. पाचला संग्रहालय बंद होई.

प्रमुख पाहुणे साखर कारखान्याचे संचालक. ते पावणेचारला उगवले. दालनात दिवा लावायला मनाई, म्हणून समई बाहेर व्हरांड्यात ठेवलेली. वाऱ्याने ज्योत टिकेना, आणि ती टिकल्याशिवाय पुढे जायची कुणाची छाती होईना. मग शाल, श्रीफळ, हार. एका स्थानिक कवीने बाईंवर कविता रचली होती, ती त्याने दोनदा वाचली. पाहुणे ऊसदरावर बोलले.

हे सगळं मी आवरू शकत होतो. आज ही बाईंच्या गाण्याची शेवटची दुपार आहे, हे तिथे मला एकट्यालाच ठाऊक होतं. पण बाईंचा कधी कुणी सत्कार केला नव्हता, तर तो यथासांग व्हावा असं मला मनापासून वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, माईक हातात आल्यावर मी स्वतःच पंधरा मिनिटं घेतली. बाईंची साधना, बाईंचा त्याग. टाळ्या पडत होत्या. मागे बाई तानपुरा लावून बसल्या होत्या. गळ्यातला हार काढावा की राहू द्यावा, हे त्यांना कळत नव्हतं.

गाणं सुरू झालं तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. आवाज फाटत होता, तरी मंद्र निषादावर त्या थांबल्या आणि चुळबुळणारं दालन गप्प झालं. हळूहळू आवाज मोकळा होत गेला. बंदिशीचा पहिला भाग संपवून त्या अंतरा घेणार तोच रखवालदार माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "आवं सर, पाच वाजून गेलं. कुलूप लावाया लागतंय. सायेब लय तापट हाय."

दहा मिनिटं मागितली असती तर त्याने दिली असती. पण पाहुणे घड्याळ बघून उठले आणि त्यांच्यामागे पुढच्या रांगा उठल्या. बाईंनी ते पाहिलं. षड्जावर येऊन त्यांनी तानपुरा खाली ठेवला. आभारप्रदर्शन तेवढं राहिलं होतं. तेही मी उरकलं.

ऑपरेशननंतर मिरजेला भेटायला गेलो. बाईंच्या गळ्याला पट्टी आणि मांडीवर शाळेतली पाटी होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि पाटीवर लिहिलं, 'भाषण छान केलंस.'

त्यांनी पदराने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, 'अंतरा तेवढा राहिला.'