हरण्याची नोकरी

माझ्या कोर्टाबाहेरच्या पाटीवर ‘माजी आंतरराष्ट्रीय टेनिसपटू’ असं लिहिलेलं आहे. खोटं नाही ते. परदेशात बऱ्याच ठिकाणी खेळले, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्याच फेरीत हरून दुसऱ्या दिवशी बॅग भरली. एवढं सगळं पाटीवर मावत नाही. चौदाव्या वर्षी लातूर सोडून पुण्याला गेले, एकतिसाव्या वर्षी खांद्याने दगा दिला, आणि गावी परतून अधिकाऱ्यांच्या क्लबातलं मागचं कोर्ट भाड्याने घेतलं. तिथे मी मुलांना शिकवते.

पुढच्या कोर्टावर मामा असायचे. मामा क्लबाचे मार्कर, म्हणजे साहेब लोकांशी खेळायला पगारावर ठेवलेला माणूस. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, पँट घोट्याच्या वर दुमडलेली. देगलूरकडून कामाला आले, कोर्टावर पाणी मारता मारता खेळायला शिकले. आयुष्यात एक स्पर्धा खेळलेली नाही.

त्यांची नोकरी हरण्याची होती. बदलून आलेला प्रत्येक साहेब चार दिवसांत त्यांना पाठ व्हायचा. याला बॉल कुठे आवडतो, दम कधी लागतो, किती फरकाने जिंकला की गडी खूश होतो, सगळं. मग बॉल बरोबर तिथेच, कमरेच्या उंचीला. साहेब घाम पुसत सहा-चारने जिंकून घरी जायचे. मला मामांची कीव येते असं मी स्वतःला सांगायचे. कीव येत असती तर मी त्यांच्या कोर्टाकडे इतक्यांदा बघितलं नसतं.

मग ती मुलगी आली. निलंग्याला वडिलांचं खताचं दुकान, ही लातूरला आत्याकडे राहायची. तेरा वर्षांची, हातापायाच्या काड्या. पण बॉल तिच्या रॅकेटला लागला तो आवाज ऐकूनच मी हातातली बादली खाली ठेवली. असा आवाज माझ्या रॅकेटमधून कधी आला नव्हता. त्या दिवसापासून ती माझी झाली. बाकीच्या पोरांकडे माझं लक्ष उडालं, हे त्यांच्या आयांनी मला तोंडावर सांगितलं.

एका रविवारी मला पोचायला उशीर झाला. पाहते तर ती पुढच्या कोर्टावर मामांबरोबर खेळत होती. मी कडुनिंबाखाली उभी राहून मोजलं. बासष्ट बॉल, मध्ये एकही चूक नाही. माझ्यासमोर तिचे सात होत नसत. कारण सातवा बॉल मी तिच्या हाताला लागेल असा मारतच नसे. ती तेरा वर्षांची आहे हे डोक्याला कळायचं, हाताला कळायचं नाही. पॉइंट संपवून टाकला की मला बरं वाटायचं.

खेळ थांबल्यावर मी मामांना विचारलं, “काय शिकवता हो तिला?”

“मी काय शिकवून राहिलो मॅडम? बॉल परत देऊन राहिलो फक्त. पोरगीच खेळून राहिली.”

त्या नम्रपणाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला बजावलं की मामांची सवय लागली तर तुझा खेळ सरकारी होईल. ती “हाव मॅडम” म्हणाली आणि पुढच्या रविवारी परत तिकडेच दिसली.

नांदेडच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा जिंकली. मी चार तास उन्हात उभी होते, घसा कोरडा पडला होता. ती धावत माझ्याकडे आली. मी हात पुढे केले.

“मॅडम, फोन देता का? मामांला सांगायचंय.”

नंबर तिला पाठ होता. माझ्याच फोनवरून ती त्यांच्याशी दहा मिनिटं बोलली, हसली, कुठला बॉल कसा मारला ते हातवारे करून सांगितलं. मी बाजूला तिची पिशवी धरून उभी. खरं सांगते, त्या वेळी ती हरली असती तर बरं झालं असतं असं माझ्या मनात येऊन गेलं. परतीच्या बसमध्ये मी झोपेचं सोंग घेतलं.

लातूरला आल्यावर मी तिला सरळच सांगितलं. “उद्या माझ्याशी एक सेट खेळायचा. जिंकलीस तर खुशाल मामांकडे जा. हरलीस तर पुढे त्यांच्याबरोबर एक बॉलसुद्धा खेळायचा नाही.” तेरा वर्षांच्या पोरीशी असली पैज लावणाऱ्या बाईला काय म्हणावं ते मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं.

सकाळी सातला सुरू केलं. पहिले चार गेम मी तिला पळवलं. मग ती उभी राहिली. माझे फटके परत यायला लागले, एकेक, न चिडता. खांदा ठणकायला लागला. बघता बघता ती पाच-चारने पुढे गेली आणि चाळीस-तीस झालं. एक पॉइंट आणि ती मामांची.

तिने बॅकहँड सरळ रेषेत मारला. मी हललेसुद्धा नाही. बॉल चुन्याच्या रेषेवर पडला, पांढरी धूळ उडालेली मी पाहिली.

“आउट,” मी म्हणाले.

मातीच्या कोर्टावर बॉलची खूण राहते. जाळीच्या या बाजूला चालून आली असती तर तिला दिसली असती, आणि पंच नसताना बघायला यायचा तिला हक्क होता. मी वाट पाहिली. ती तिथूनच माझ्याकडे पाहत राहिली, मग मान हलवून पुढच्या सर्व्हिसला गेली.

त्यानंतर बॉल यायला लागले ते माझ्या फोरहँडला, कमरेच्या उंचीला, मला हवे तिथे. दोन-तीन मारल्यावर कळलं, असले बॉल कुणाचे असतात. साहेबांना कधी कळलं नसेल. मला कळलं तरी मी मारत राहिले आणि सात-पाचने जिंकले.

ती बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती. मी शेजारी बसले.

“तो बॉल आत होता,” मी म्हणाले.

“ठाव हाय मॅडम.”

“मग आली का नाहीस बघायला? का सोडलंस?”

“खेळता खेळता मी इसरूनच गेले होते. तुम्ही आउट म्हणल्यावर ध्यानात आलं.” तिने दुसरी नाडी सोडली. “मामा रात्री फोनवर म्हणले होते, मॅडमला हरवू नको. त्या लई हरून आल्यात.”